मदतीचा पूर ओसरल्यावर

29 सप्टेंबर 1993 रोजी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जनाच्या मिरवणुका आटोपून लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांतील गावे रात्री उशिरा निद्राधीन झाली. दिगंबर जैन कुटुंबांत त्याच दिवशी दशलक्षण पर्वाची सांगता झाली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसरातील भूमी हादरली. त्या भूकंपाने सुमारे 8,000 माणसांचा बळी घेतला. दख्खनचे पठार स्थिर आहे, असे तोवर मानले जात असे. भूकंपाच्या नकाशात या भागाची गणना सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होत होती. नेमका तेथेच हा संहार घडला.

त्यानंतर मदतीचा ओघ सुरू झाला. धान्य, कपडे, ब्लँकेट, भांडी, औषधे आणि पैसा देशाच्या कानाकोपऱ्यांतून मराठवाड्याकडे वाहू लागला. या ओघामागील करुणा निखळ होती, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आज तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर मात्र एक प्रश्न विचारणे आवश्यक ठरते: त्या मदतीपैकी काय टिकले? वाटलेले धान्य काही दिवसांत संपले, ब्लँकेट काही वर्षांत विरले. टिकली ती भक्कम झालेली घरे, शिकून मोठी झालेली मुले आणि गावकऱ्यांच्या हाती आलेले कौशल्य. आपत्तीच्या काळात गोळा होणारी साधने कशी खर्च करावीत, याचे उत्तर या अनुभवात दडलेले आहे.

आपत्तीनंतर साधने कमी पडतात, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पहिल्या आठवड्यात पुष्कळदा साधनांची रेलचेल असते. परंतु त्यांतील बरीचशी चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या प्रमाणात पोहोचलेली असतात. तिसऱ्या महिन्यात ओघ आटू लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, म्हणजे घर पुन्हा उभारण्याच्या, कर्ज फेडण्याच्या आणि मुलांचे शिक्षण सावरण्याच्या काळात, आपद्ग्रस्त कुटुंब बहुधा एकटे असते. दुःखाचा काळ लांब आणि मदतीचा काळ आखूड, ही खरी विसंगती आहे. साधनांचे व्यवस्थापन म्हणजे या दोन काळांची सांगड घालणे होय.

शंभर रुपयांची वाटणी

ही सांगड कशी घालावी, याचे एक नमुनेदार उदाहरण शासकीय अर्थव्यवस्थेतच आढळते. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर राज्यांकडे आपत्तीसाठी स्वतंत्र निधीची व्यवस्था आली. पूर्वी या निधीचा रोख मुख्यतः तातडीच्या मदतीवर असे. 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या कालावधीसाठी त्याची नवी विभागणी सुचविली. निधी 100 रुपयांचा मानल्यास त्यांतील 40 रुपये बचाव आणि तातडीच्या मदतीसाठी, 30 रुपये सावरणे व पुनर्बांधणीसाठी, 10 रुपये पूर्वतयारी व प्रशिक्षणासाठी आणि उरलेले 20 रुपये पुढच्या आपत्तीचा फटका कमी करणाऱ्या कामांसाठी, अशी ही वाटणी आहे.

या आकड्यांतून एक विचार स्पष्ट होतो. तातडीची मदत सर्वांत मोठा वाटा घेते, आणि ते योग्यच आहे. कारण भुकेल्याला थांबा म्हणता येत नाही. परंतु ती निम्म्याहून कमी आहे. साठ रुपये पुढच्या दिवसांसाठी राखलेले आहेत. कुटुंबातील जाणती माणसे आजारपण आल्यावर सगळी पुंजी पहिल्या दिवशी संपवीत नाहीत. औषधोपचारानंतरच्या पथ्यपाण्याची आणि कामधंदा बंद राहील त्या महिन्यांचीही तरतूद करतात. हीच घरगुती शहाणीव या सूत्रात आकड्यांनी मांडलेली आहे.

सामाजिक संस्था, मंडळे आणि संघ यांच्या मदतनिधीत ही वाटणी क्वचितच दिसते. आपत्तीची बातमी येताच निधी जमतो, आठवड्याभरात साहित्य खरेदी होते, वाहने रवाना होतात, वाटपाची छायाचित्रे छापली जातात आणि हिशेब पूर्ण होतो. हा हिशेब प्रामाणिक असतो. पण तो दिलेल्या वस्तूंचा असतो. त्या वस्तूंनी आपद्ग्रस्तांच्या जीवनात किती काळ काम केले, याची नोंद त्यात नसते.

किल्लारीची दोन रूपे

टिकाऊपणाचा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहतो तो घरांच्या बाबतीत. किल्लारी परिसरातील जुनी घरे दगडमातीची होती. दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती, आतील व बाहेरील दगडांचे दोन स्वतंत्र थर, मध्ये माती आणि दगडांचे तुकडे, वर लाकडी तुळयांवर मातीचे जड माळवद, अशी त्यांची रचना होती. गळती थांबावी म्हणून पावसाळ्यापूर्वी माळवदावर मातीचा नवा थर दिला जाई आणि छताचे वजन वर्षागणिक वाढत जाई. ही घरे उन्हाळ्यात थंड राहत, गावातल्याच दगडमातीतून उभी होत; परंतु भिंतींचे दोन थर एकमेकांना बांधलेले नसल्याने भूकंपाच्या धक्क्यात ते विलग होऊन कोसळले. अनेक ठिकाणी आतला लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंतींनी माणसे गाडली.

पुनर्वसन दोन मार्गांनी झाले. पूर्ण उद्ध्वस्त झालेली 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथील घरांचे क्षेत्रफळ कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार ठरले: अल्प जमीन असणाऱ्यांना व भूमिहीनांना 250 चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना 400 आणि मोठ्या शेतकऱ्यांना 750 चौरस फूट. दुसरीकडे, 13 जिल्ह्यांतील सुमारे अडीच हजार गावांत तडे गेलेली व अंशतः पडलेली पावणेदोन लाखांहून अधिक घरे जागच्या जागी दुरुस्त करून मजबूत करण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने चाललेला हा प्रकल्प त्या काळातील जगातील मोठ्या पुनर्वसन प्रकल्पांपैकी एक होता.

पहिल्या मार्गाने लोकांना तयार घरे मिळाली. अनेक गावे सेवाभावी संस्थांनी आणि उद्योगसमूहांनी दत्तक घेऊन बांधली. घरे भूकंपाला तोंड देणारी होती, रस्ते रुंद होते. मात्र नव्या वसाहतींचा विस्तार जुन्या गावांच्या कितीतरी पट झाला. जितका रस्ता लांब, तितकी जलवाहिनी लांब, तितके दिवे अधिक आणि तितका देखभालीचा खर्च अधिक. हा खर्च देणगीदारांचा नव्हता. तो कायमचा ग्रामपंचायतीच्या माथी आला. सरळ रेषांत आखलेल्या चौकोनांत जुन्या वाड्यांचे अंगण, गल्लीतला शेजार, जनावरांचा गोठा आणि कडब्याची जागा बसत नव्हती. कुटुंबे वाढली तसे लोकांनी मूळ घराला पत्र्याच्या व इतर साहित्याच्या खोल्या जोडल्या. भूकंपरोधक घराला लागून उभी राहिलेली ही वाढीव बांधकामे मात्र नेहमीच भूकंपरोधक नव्हती. घर दिले गेले. घर बांधण्याचे ज्ञान मात्र त्यासोबत सर्वांपर्यंत पोहोचले नाही.

येथे न्यायाने एक गोष्ट नमूद करावी लागते. जुन्या गावठाणात परत जाण्याची अनेकांची तयारी नव्हती. ज्या ढिगाऱ्याखालून आप्तांचे देह काढले, तेथेच पुन्हा चूल मांडणे त्यांना असह्य होते. स्थलांतराची मागणी लोकांची स्वतःचीही होती आणि शासनाला झपाट्याने निर्णय घ्यावे लागले. तेव्हा 52 गावांच्या स्थलांतराकडे केवळ चूक म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. धडा इतकाच, की शोकाच्या पहिल्या महिन्यांत घेतलेले निर्णय पुढच्या दोन पिढ्यांना वागवावे लागतात. म्हणून अशा निर्णयांत देखभालीचा, वाढत्या कुटुंबाचा आणि उपजीविकेचा विचार पहिल्याच दिवशी व्हावयास हवा.

दुसरा मार्ग कमी देखणा होता. त्यात उद्घाटने नव्हती, नामफलक नव्हते. घरमालकाला टप्प्याटप्प्याने पैसे व साहित्य मिळे, अभियंता मार्गदर्शन करी आणि दुरुस्ती मालक स्वतः गवंड्याकडून करवून घेई. माळवदावरील अतिरिक्त माती काढून वजन कमी करणे, भिंतीच्या दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड बसविणे, कोपरे मजबूत करणे, दाराखिडक्यांच्या वरच्या पातळीवर घराभोवती सलग पट्टा घालणे, अशी ही कामे होती. जुना दगड आणि जुने लाकूड पुन्हा वापरात आले.

या कामात गावोगावी ‘संवाद सहायक’ म्हणून महिलांची नेमणूक झाली. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने त्यांचे संघटन केले. शासनाची योजना घराघरांत समजावून सांगणे, अडचणी अभियंत्यापर्यंत पोहोचविणे, कामावर लक्ष ठेवणे ही जबाबदारी त्यांनी पेलली. पूर्वी ज्यांचा शब्द घराबाहेर ऐकला जात नसे, त्या स्त्रिया सिमेंटचे प्रमाण आणि कोपऱ्याची बांधणी यांविषयी गवंड्याला प्रश्न विचारू लागल्या. 2001 मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातील याच स्त्रिया गुजरातच्या भगिनींना आपला अनुभव सांगण्यासाठी गेल्या. किल्लारीत खर्च झालेल्या पैशाचा एक अंश आठ वर्षांनी दुसऱ्या राज्यातील आपद्ग्रस्तांच्या उपयोगी पडला. गुजरातमध्येही पुढे घरमालकाच्या खात्यात हप्त्याहप्त्याने रक्कम देऊन त्याच्याकडूनच घर बांधून घेण्याच्या पद्धतीवर मोठा भर दिला गेला. ज्ञान या साधनाचे वैशिष्ट्य हेच, की ते वापरल्याने संपत नाही.

एका मुलाला लागणारी वर्षे

किल्लारीच्या भूकंपात अनेक मुलांचे आईवडील गेले. अनेकांची शाळा, घर आणि आधार एकाच पहाटे नाहीसे झाले. अशा सुमारे 1,200 मुलांना शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्यात आणले. वाघोली येथील शैक्षणिक पुनर्वसन प्रकल्प यातूनच आकाराला आला.

या निर्णयातील कठीण भाग मुलांना पुण्यात आणणे हा नव्हता. पहिलीत असलेल्या मुलाला दहावीपर्यंत नेण्यासाठी दहा वर्षे लागतात. या दहा वर्षांत रोजचे दोन वेळचे जेवण, वह्या-पुस्तके, आजारपण, रात्री घाबरून उठणाऱ्या मुलाजवळ बसणारे माणूस, सुट्टीत गावाकडील नातलगांशी राखलेला संबंध, हे सर्व अखंड चालावे लागते. पहिल्या वर्षी देणगीदारांचा उत्साह असतो. पाचव्या वर्षी वृत्तपत्रांतून त्या भूकंपाचे नावही नाहीसे झालेले असते, आणि मूल तर अजून सहावीत असते. तेव्हाही खानावळीचे बिल द्यावेच लागते. एका मुलाचे पालकत्व स्वीकारणे म्हणजे दहा वर्षांचा करार करणे होय, याची जाणीव ठेवूनच असे काम हाती घ्यावे लागते.

त्या प्रकल्पाचे महत्त्व किल्लारीपुरते उरले नाही. वाघोलीच्या त्याच वास्तूंत, त्याच अनुभवाच्या बळावर, पुढे आदिवासी भागांतील मुलांना आणि 2015 नंतर आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलांना शिक्षणाचा आधार मिळाला. एका आपत्तीसाठी उभी केलेली व्यवस्था दुसऱ्या आपत्तीच्या वेळी तयार होती. आपत्ती-साधनांच्या शाश्वत वापराची याहून सुबोध व्याख्या करणे अवघड आहे.

रेल्वेने आलेले पाणी

ज्या लातूर जिल्ह्याने भूकंप सोसला, त्याच जिल्ह्यावर 2016 मध्ये दुसऱ्या प्रकारचे संकट कोसळले. लातूर शहराला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून पाण्याने भरलेली रेल्वेगाडी लातूरला पाठवावी लागली. पहिल्या फेऱ्यांत दहा वाघिणींतून 5 लाख लिटर पाणी जाई. पुढे पन्नास वाघिणींतून एका फेरीत 25 लाख लिटर जाऊ लागले. कृष्णाकाठच्या लोकांनी शेजारधर्म पाळला आणि रेल्वेने आपले काम चोख केले.

तरीही साधा हिशेब डोळे उघडणारा आहे. 2011 च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या सुमारे 3 लाख 83 हजार होती. पन्नास वाघिणींची पूर्ण गाडी समसमान वाटली, तर दर माणशी साडेसहा लिटर पाणी येते. पिण्यापुरते ते पुरते. जगण्यापुरते पुरत नाही. इतका खर्च, इतके मनुष्यबळ आणि सुमारे 340 किलोमीटरचा प्रवास यांतून लाभते ते दिवसाचे दोन-तीन तांबे पाणी. ते आणणे अपरिहार्य होते. परंतु पावसाळा आला, गाडी थांबली आणि त्या खर्चाचे गावात काहीही उरले नाही.

याच काळात लातूरकरांनी लोकसहभागातून मांजरा नदीचे पात्र रुंद व खोल करण्याचे काम हाती घेतले. राज्यात 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू झाली. तिच्यामागील तत्त्व साधे आहे. वर्षानुवर्षे तलावात साचलेला गाळ हा तलावासाठी अडथळा असला, तरी शेतासाठी तीच सुपीक माती असते. गाळ काढल्याने तलावाची साठवणक्षमता वाढते आणि तोच गाळ पसरल्याने हलक्या जमिनीचा कस सुधारतो. 2018 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात या कामासाठी भारतीय जैन संघटनेने यंत्रे पुरविली, इंधनाचा भार शासनाने उचलला आणि गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्यांनी स्वतः केला.

या तिहेरी रचनेकडे बारकाईने पाहावयास हवे. संस्थेने सगळेच फुकट दिले असते, तर गाळ तलावाच्या काठावर टाकला गेला असता आणि पुढच्या पावसात पुन्हा आत वाहून आला असता. शेतकऱ्याने स्वतःच्या ट्रॅक्टरचा खर्च केला, म्हणून तो गाळ त्याने आपल्या बांधाच्या आत नेऊन पसरला. ज्याला लाभ होतो त्याचा वाटा कामात असेल, तर साधन जपले जाते. अर्थात ट्रॅक्टरचे भाडे परवडत नाही असा अल्पभूधारक यातून मागे राहू शकतो. त्याच्या वाहतुकीचा भार उचलणे हे देणगीच्या पैशाचे उत्तम काम ठरेल.

वस्तू देताना

सामान्य कुटुंबाला यंत्रे पुरविता येत नाहीत, गावे वसविता येत नाहीत. घरोघरी जमते ते धान्य, कपडे, औषधे आणि थोडा पैसा. तेथेही विवेकाला वाव आहे.

कपड्यांचेच पाहा. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग उघड्यावर पडून राहिले. तेथील हवामानाला आणि पेहरावाला न जुळणारे, फाटके, न धुतलेले असे कितीतरी कपडे त्यांत होते. ‘गूंज’ या संस्थेने त्यांतील कपडे गोळा करून, निवडून, त्यांना पुन्हा उपयोगात आणले. या संस्थेचे संस्थापक अंशू गुप्ता यांना 2015 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाची पद्धत उद्बोधक आहे. शहरातून आलेल्या वस्तू आधी निवडल्या, धुतल्या, दुरुस्त केल्या जातात. गावकरी विहीर खोदणे, बांबूचा पूल उभारणे, रस्ता दुरुस्त करणे असे स्वतः निवडलेले काम श्रमदानाने करतात आणि त्याचा मोबदला म्हणून या वस्तू त्यांना सन्मानाने मिळतात. जुनी साडी गावात येते आणि तिच्या निमित्ताने गावात एक विहीर उभी राहते. घेणाऱ्याची मान खाली जात नाही, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ.

औषधांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन स्पष्ट आहे. देणगी म्हणून पाठविलेल्या औषधाची मुदत, ते ज्या देशाला द्यावयाचे तेथे पोहोचल्यानंतर, किमान एक वर्ष शिल्लक असावी. घरातील कपाटात उरलेल्या अर्ध्या पाकिटांना त्यात स्थान नाही. निवडण्यातच डॉक्टरांचा वेळ जाईल अशी औषधे पाठविणे म्हणजे रुग्णाच्या वाट्याचा वेळ घेणे होय. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांचेही तसेच आहे. पहिले दोन-तीन दिवस त्या प्राण वाचवितात. त्यानंतरही त्याच येत राहिल्या, तर पुराने आधीच तुंबलेल्या गटारांत त्यांची भर पडते. चौथ्या दिवसापासून टँकर, साठवण टाकी आणि पाणी शुद्ध करण्याचे साहित्य अधिक उपयोगी असते.

चतुर्विध दानाचा क्रम

जैन परंपरेने आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. आपत्तीच्या संदर्भात या चारांकडे पाहिले, तर त्यांत काळाचाही एक क्रम दिसतो. आहार आणि औषध यांची निकड पहिल्या दिवसांची. ज्ञानाची गरज पुढच्या वर्षांची: मुलांचे शिक्षण, गवंड्याचे प्रशिक्षण, शेतकऱ्याचे मार्गदर्शन. अभयाचा अर्थ तर आपत्तीग्रस्ताहून अधिक कोणाला कळणार? ज्या घरात रात्री निर्धास्तपणे झोपता येते, जो नाला पावसाळ्यात घरात शिरत नाही, जो तलाव उन्हाळ्यात कोरडा पडत नाही, ते सर्व अभयदानच आहे. समाजात पहिली दोन दाने उत्साहाने होतात. उरलेली दोन मागे पडतात, कारण त्यांचे फळ उशिरा आणि नावाशिवाय मिळते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. लोक उघड्यावर असताना संस्थेने चाळीस टक्केच खर्च करून बाकीचा पैसा बँकेत ठेवावा काय? देणगीदार विचारतील, ‘आमचे पैसे अजून पोहोचले का नाहीत?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पारदर्शकतेत आहे. निधी गोळा करतानाच त्याची वाटणी जाहीर केली, राखलेली रक्कम कोणत्या गावासाठी, कोणत्या कामासाठी आणि केव्हा खर्च होईल हे लेखी सांगितले, आणि दर सहा महिन्यांनी हिशेब प्रसिद्ध केला, तर तो पैसा दडवलेला ठरत नाही. असे न करता राखलेला निधी मात्र संशयालाच आमंत्रण देतो. शिवाय एखाद्या आपत्तीत प्राण वाचविण्यासाठी सगळाच निधी लागणार असेल, तर सूत्र बाजूला ठेवण्याचे धैर्यही हवे.

संघांनी करावयाचे काम

गावोगावच्या संघांना आणि महिला मंडळांना पुढील गोष्टी सहज करता येतील. पहिली, आपत्ती येण्यापूर्वीच एक कायमस्वरूपी छोटा निधी व एक नोंदवही ठेवावी. गावात कोणाकडे जनरेटर आहे, कोणाची गोदामे आहेत, कोण डॉक्टर, परिचारिका, गवंडी, वीजतंत्री आहे, कोणत्या धर्मशाळेत किती माणसे राहू शकतात, याची यादी दरवर्षी ताजी करावी. आपत्तीच्या दिवशी ही वही लाखमोलाची ठरते.

दुसरी, साहित्य पाठविण्यापूर्वी आपद्ग्रस्त गावातील एका जबाबदार व्यक्तीशी आणि प्रशासनाशी बोलून गरजेची यादी घ्यावी. ज्या वस्तू जवळच्या बाजारात मिळतात त्या शक्यतो तेथूनच खरेदी कराव्यात. त्यामुळे वाहतुकीचा खर्च वाचतो आणि संकटात सापडलेल्या दुकानदाराचा धंदाही सावरतो.

तिसरी, शंभरातील काही रुपये दुसऱ्या वर्षासाठी राखावेत. पाच लाखांचा निधी जमला, तर दोन लाख तातडीच्या मदतीला, दीड लाख घर व उपजीविका सावरण्याला, पन्नास हजार प्रशिक्षणाला आणि एक लाख पुढची हानी टाळणाऱ्या कामाला, अशी वाटणी करून पाहावी. शिलाईयंत्र, पिठाची गिरणी, दुभते जनावर, एका विद्यार्थ्याचे तीन वर्षांचे वसतिगृह शुल्क ही दीड लाखात बसणारी कामे आहेत.

चौथी, एकाच गावाशी दीर्घ संबंध जोडावा. दहा गावांत एकदा जाण्यापेक्षा एका गावात दहा वेळा जाणे अधिक फलदायी असते. दुसऱ्या भेटीत चुका कळतात, तिसऱ्या भेटीत लोक मोकळेपणाने बोलतात, आणि दिलेली वस्तू वापरात आहे की कोपऱ्यात पडली आहे, हे चौथ्या भेटीतच समजते.

2016 मध्ये ज्या सांगली जिल्ह्यातून लातूरला पाणी गेले, तोच जिल्हा 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुरात बुडाला. देणारा आणि घेणारा यांच्या भूमिका तीन वर्षांत बदलल्या. आपत्ती कोणाच्या दारी केव्हा येईल, हे सांगता येत नाही. म्हणून आज दुसऱ्याच्या गावात उभे केलेले ज्ञान, जोडलेली माणसे आणि जपलेली साधने ही परोपकाराइतकीच स्वतःच्या भविष्याची तरतूदही असते. यंदाच्या वार्षिक सभेत संघाचा ताळेबंद मांडला जाईल तेव्हा, गेल्या आपत्तीत किती ट्रक पाठविले यापुढे एक स्तंभ वाढवावा: त्यांतील काय आज तेथे उभे आहे? त्या स्तंभातील उत्तर शून्य येत असेल, तर पुढच्या वेळी कोठून सुरुवात करावयाची, हे सभासदांना निराळे सांगावे लागणार नाही.